कानाशिवाय डिटेक्टर

प्रिय दोस्ता,

तुला नीट ऐकू येत नाही म्हणून, मेटल डिटेक्टरने जमिनीतला धातू शोधायचा ‘हा छंद कानाचा आहे’ असं सांगून दुकानदाराने तुला परत पाठवलं, हे वाचून वैताग आला. हा समज मात्र जुना आहे. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आले, ते धातू शोधणाऱ्या यंत्राला जोडलेला टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावूनच. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळात भर घातली. ज्यांची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर, त्यांनीच या यंत्राला कान चिकटवला, तो अजून सुटलेला नाही!

दांड्याच्या टोकाच्या कॉइलखाली, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या चकतीखाली, धातू आला की सिग्नल बदलतो, एवढीच मूळ गोष्ट. तो बदल आवाजात सांगायचा, आकड्यात की थरथरीत, हे बनवणाऱ्याने ठरवायचं. म्हणून मुठीत व्हायब्रेशन असलेलंच यंत्र घे. नोक्ता सिंप्लेक्स प्लसमध्ये ते आहे, मायनलॅब इक्विनॉक्स 700 आणि 900 मध्येही. घेण्याआधी हातात धरून बघ. थरथर मनगटापर्यंत पोचली पाहिजे. पिनपॉइंटरही, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा शोधायचं हातातलं छोटं यंत्रही, नुसत्या व्हायब्रेशनवर चालणारं हवं.

आता खरी मेख. ऐकणारे लोक लोखंडाचा खर्जातला आवाज चालू ठेवतात आणि त्यातून चांगला सूर वेचतात. तुला ते जमणार नाही. खिळ्यांनी भरलेल्या जमिनीत मूठ सतत थरथरत राहील आणि थोड्या वेळाने हाताला काहीच कळेनासं होईल. तेव्हा लोखंड सेटिंगमधूनच वगळ, कॉइल लहान लाव आणि हात सावकाश फिरव. खिळ्याला चिकटून पडलेलं एखादं नाणं निसटेल. निसटू दे.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे स्क्रीनकडे बघत चालणं. धातू कुठला याचा अंदाज देणाऱ्या आकड्यावर नजर गेली की हात नकळत वर जातो, कॉइल जमिनीपासून सुटते आणि खोलवरचं हाती लागत नाही. नजर कॉइलवर ठेव. मूठ थरथरली की थांब, त्याच जागेवरून दोनतीनदा फिरव, मग आकडा वाच. नंतर काटकोनात वळून पुन्हा फिरव. दोन्ही बाजूंनी आकडा साधारण तोच आला तर खण. उड्या मारत असेल तर बहुतेक गंजकं लोखंड. मधल्या आकड्यांवर मात्र विसंबू नकोस. तिथे सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून उघडायची कडी सारखीच दिसते, कानवाल्यांनाही.

थोडं ऐकू येत असेल, तर सूर खाली आण. बऱ्याच जणांचं ऐकणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं आणि यंत्रं नेमकी चांदीला वरचा सूर देतात. साध्या ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, तोवर कॉइल पुढे गेलेली असते. कमी विलंबाचे किंवा वायरचे हेडफोन बघ.

जागामालकाची परवानगी लेखी माग, तुलाही बोलणं सोपं जाईल. समुद्रावर लाटांकडे पाठ करून खणू नकोस. सोबत कोणी असेल तर हाक मारायची खूण आधीच ठरवा. संध्याकाळी टॉर्चची उघडझाप लांबूनही दिसते.

यंत्र आलं की कुठलं घेतलंस ते कळव. सेटिंग आपण मेसेजवर एकेक करून लावू.

तुझा,
काका