कापूस विकून लॅपटॉप घेऊ का?

मॅडम, आमचं गाव घाटंजी तालुक्यात. मुलगी यवतमाळला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जावा नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकते. घरी ४ जीबीचा जुना लॅपटॉप आहे. कॉलेजात वापरतात ते सॉफ्टवेअर त्यावर उघडता उघडत नाही, म्हणून ती काळ्या स्क्रीनवर कमांड टाकून प्रोग्राम चालवते. आधी चालत होतं. मग सरांनी सांगितलं की आधी क्लास फाईल बनवा आणि ती चालवा. तेव्हापासून ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास हिशोब.क्लास’ असं येते, आणि पहिले चालायचं तेही आता बंद पडलं. तीच फाईल पेनड्राइव्हवर कॉलेजात नेली, तर सरांच्या कॉम्प्युटरवर ६१ आणि ५२ असे आकडे दाखवून थांबली. तीन दिवसांपासून नीट जेवत नाही. म्हणते, बाबा, ही लाइन माझ्यासाठी नाही, मी बीए करते. पुण्याचा पुतण्या म्हणतो, काळी स्क्रीन आता कोणी वापरत नाही, साठ हजारांचा लॅपटॉप घ्या. कापूस घरातच आहे. विकून घेऊ का?

नमस्कार भाऊ,

लॅपटॉपसाठी कापूस विकू नका. भाव पाहून, तुमच्या सोयीनं विका. तिची अडचण यंत्राची नाही, आणि तिच्या डोक्याची तर मुळीच नाही. तुम्ही संदेश अक्षर न् अक्षर उतरवून पाठवलात म्हणून मला इथे बसून सांगता येतंय की चूक एका शब्दाची आहे. बीएबद्दल माझं वाईट मत नाही. पण एका शब्दापायी कोणी शाखा बदलू नये.

आधी ती काय करते आहे ते तुम्हाला सांगते, म्हणजे घरात तिच्याशी बोलता येईल.

वावरातला कापूस कोणी थेट सूतगिरणीत नेत नाही. तो आधी जिनिंगमध्ये जातो, सरकी निघते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. ती गाठ इथल्या गिरणीत चालते तशी कोइम्बतूरच्या गिरणीतही चालते. जावाचं असंच आहे. मुलगी लिहिते तो कापूस. ‘जावासी’ ही कमांड म्हणजे जिनिंग. त्यातून निघते ती क्लास फाईल ही गाठ, आणि तिच्या आत जे असतं त्याला बाइटकोड म्हणतात. ‘जावा’ ही दुसरी कमांड म्हणजे गिरणी, ती गाठ उघडून काम करते. विंडोजच्या कॉम्प्युटरवर बांधलेली गाठ लिनक्स या वेगळ्या सिस्टिमच्या कॉम्प्युटरवरही चालते. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं जावा जगापुढे आणली, तेव्हा तिचं मोठं आकर्षण हेच होतं.

कॉलेजातल्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवं बटण दाबलं की जिनिंग आणि गिरणी दोन्ही पडद्यामागे होतात. मूल फक्त कापड पाहतं. तुमची मुलगी, परिस्थितीमुळे का होईना, दोन्ही पायऱ्या स्वतःच्या हातानं करते आहे. हे मागासलेपण नाही.

इथून पुढचं तिलाच वाचायला द्या.

बेटा, कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, तू नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाइप कर.

सुरुवातीला तू ‘जावा हिशोब.जावा’ असं देत होतीस ना? जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे. एकच फाईल असेल तर जावा ती मनातल्या मनात कंपाइल करून, म्हणजे जिनिंग करून, लगेच चालवते, क्लास फाईल डिस्कवर ठेवत नाही. म्हणून सरांनी क्लास फाईल चालवायला सांगितल्यावर तू ‘.जावा’च्या जागी ‘.क्लास’ घातलंस. विचार अगदी सरळ होता. पण इथे ‘जावा’ला फाईलचं नाव नको असतं, क्लासचं नाव हवं असतं. नुसतं ‘जावा हिशोब’. पुढे काही नाही.

तू ‘हिशोब.क्लास’ दिल्यावर तिनं काय समजून घेतलं ते बघ. जावामध्ये टिंब म्हणजे पॅकेजची, क्लास ठेवायच्या कप्प्याची, पायरी. म्हणून ती ‘हिशोब’ नावाच्या पॅकेजमधला ‘क्लास’ नावाचा क्लास शोधायला निघाली. असा क्लास नव्हताच, तर सापडणार कुठून? संदेश खोटं बोलत नव्हता. जे मागितलंस ते नाही, एवढंच तो सांगत होता.

मग आधी चालणारी रीत का बंद पडली? ‘जावासी’नं त्याच फोल्डरमध्ये हिशोबची क्लास फाईल तयार करून ठेवली. जावा १७ मध्ये ‘जावा हिशोब.जावा’ दिलं आणि त्याच नावाचा क्लास शेजारीच पडलेला असला, तर ती गोंधळ नको म्हणून नकार देते. ‘क्लास फाउंड ऑन अॅप्लिकेशन क्लास पाथ’ असं काहीतरी आलं असेल, नीट आठवून बघ. क्लास फाईल पुसलीस की जुनी रीत पुन्हा चालेल. म्हणजे तू काही बिघडवलं नव्हतंस. उलट तुझी ‘जावासी’ची कमांड यशस्वी झाल्याचाच तो पुरावा आहे.

आता ६१ आणि ५२. प्रत्येक क्लास फाईलच्या सुरुवातीला ती कोणत्या आवृत्तीची, तो आकडा कोरलेला असतो. त्यातून ४४ वजा कर. ६१ मधून ४४ गेले, उरले १७. ५२ मधून ४४ गेले, उरले ८. तुझ्या घरी जावा १७ आहे, कॉलेजात जावा ८. नवी गाठ जुन्या गिरणीत उघडली नाही, जुनी मात्र नव्या गिरणीत चालली असती. उपाय घरूनच होतो: ‘जावासी’नंतर दोन डॅश देऊन ‘रिलीज ८’ लिही, मग फाईलचं नाव. अशी बनवलेली क्लास फाईल कॉलेजात चालेल. फक्त जावा ८ नंतर भाषेत आलेलं काही त्यात वापरू नकोस. ‘व्हार’ हा नंतर आलेला शब्द वापरलास तर कंपाइल करतानाच ती अडवेल.

आणखी दोन ठिकाणी तू अडकशील, आत्ताच सांगून ठेवते. नोटपॅड कधीकधी फाईलच्या शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतं, तेव्हा ‘डीआयआर’ कमांड देऊन खरं नाव बघत जा. आणि एखाद्या जुन्या व्हिडिओत सांगितलं म्हणून ‘क्लासपाथ’ नावाचं सेटिंग केलं असशील तर काढून टाक. ते नसेल तर जावा तू उभी आहेस त्याच फोल्डरमध्ये क्लास शोधते. ते चुकीचं भरलं असेल तर पायाखालची फाईलही तिला दिसत नाही.

आता मला ज्यात खरा रस आहे ते. कागद घे. मेनमध्ये फक्त तीन ओळी लिही: ए म्हणजे ५, बी म्हणजे ७, सी म्हणजे ए अधिक बी. कंपाइल कर आणि मग ‘जावापी’, डॅश सी, हिशोब असं दे. ही कमांड गाठ सोडून आतलं दाखवते. बेरजेच्या जागी तुला चार ओळी दिसतील: आयलोड, आयलोड, आयअॅड, आयस्टोर. घरी पोत्यांची थप्पी लावतात ना, वर ठेवलेलं पोतं आधी निघतं, तशी जावाच्या यंत्राची एक थप्पी असते, स्टॅक. पहिली ओळ ए त्या थप्पीवर ठेवते, दुसरी बी ठेवते, तिसरी वरचे दोन्ही उचलून त्यांची बेरीज परत ठेवते, चौथी ती उचलून सीच्या खणात टाकते. यातली प्रत्येक आज्ञा एका बाइटच्या आकड्यानं ओळखली जाते, म्हणूनच ते बाइटकोड. हे एकदा स्वतःच्या हातानं कागदावर काढलंस की लूप, फंक्शन कॉल, सगळं उलगडत जाईल.

मग एक गंमत कर. व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या एका नावाला एक आकडा अधिकच्या चिन्हानं जोडणारी ओळ लिही. एकदा साधी कंपाइल कर, एकदा ‘रिलीज ८’ देऊन, आणि दोन्ही वेळा ‘जावापी’नं आत बघ. एकीकडे स्ट्रिंगबिल्डर दिसेल, दुसरीकडे इन्व्होकडायनॅमिक. तुझी ओळ तीच, पण जावा ९ पासून ती जोडण्याची रीत बदलली. का बदलली ते शोध.

भाऊ, आता पुन्हा तुमच्याशी. पुतण्या तुमच्या भल्याचंच बोलतोय, आणि त्याच्या ऑफिसात हिरवं बटण असणारच. पण तयार झालेला प्रोग्राम ज्या सर्व्हरवर जाऊन राहतो, तिथे बहुतेक वेळा चित्रं आणि बटणं नसतात, काळी स्क्रीनच असते. रात्री काही बंद पडलं तर कोणीतरी तिथे कमांड टाकून, संदेश वाचूनच कारण शोधतं. मोठ्या प्रोजेक्टची गाठ बांधणारी मेव्हन आणि ग्रेडलसारखी साधनंही आतून त्याच कंपाइलरला, म्हणजे ‘जावासी’च्या जिनिंगला, कामाला लावतात. जावा सोडून ती उद्या कोटलिन या भाषेकडे, अँड्रॉइडकडे वळली तरी बाइटकोड भेटणार आहे. पायथन या भाषेतही तो असतो, फक्त ‘पायकॅश’ नावाच्या फोल्डरमध्ये मुकाट पडून राहतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीत, नागपुरात, मला समोर फक्त टर्मिनल, म्हणजे हीच काळी स्क्रीन, दिलं होतं. प्रोग्राम मला येत होता, लिहिलाही. पण चालवायचा कसा ते येत नव्हतं, कारण तीन वर्षं मी बटणच दाबलं होतं. ती नोकरी गेली. त्या दिवसाचा परतीचा एसटीचा प्रवास मी विसरलेले नाही, आणि तुमच्या मुलीचं पत्रातलं वाक्य वाचून तोच आठवला.

नोकरीची हमी मी देणार नाही, ती कोणीच देऊ शकत नाही. बीसीए झाल्यावर एमसीए करायचं असेल तर राज्याची सीईटी असते, त्याची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून करावी. तोवर ४ जीबीचा लॅपटॉप, नोटपॅड आणि जावाचं किट एवढ्यावर दुसरं वर्ष सहज निघतं. हे किट साधारण २०० एमबीचं आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियलचे धडे छोटे असतात आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. यवतमाळला असताना ते पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायला सांगा, गावी लाइट आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नसतो. पुढे अगदीच अडलं तर आधी दुकानदाराला विचारा की या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते का. ४ चे ८ जीबी करणं नव्या लॅपटॉपच्या मानानं फार कमी खर्चात होतं.

आज तिला जेवायला बसवा, मग ‘जावा हिशोब’ टाइप करायला सांगा. त्या चार ओळींखाली थप्पीचं चित्र काढून झालं की कागदाचा फोटो मला पाठवा, मी तपासून कळवते.