हेल्मेटमध्ये पहिला इंटरकॉम बसवताना

इंटरकॉम म्हणजे हेल्मेटमध्ये बसवून दुसऱ्या बाईकवाल्याशी बोलायचं, गाणी आणि फोन ऐकायचं यंत्र. आवाज कमी येतोय म्हणून ते परत करायची घाई करू नकोस. बहुतेक वेळा स्पीकरची जागा चुकलेली असते. हेल्मेट घालून कानाचं छिद्र नेमकं कुठे येतं ते बघ आणि तिथेच चिकटव. एक सेंटीमीटर सरकला तरी फरक पडतो. कान दुखतोय म्हणून आतला थर्माकोल मात्र कधीही कोरू नकोस, पडल्यावर डोकं तोच वाचवतो.

ताम्हिणी घाटात मोबाईलची रेंज जाते. इंटरकॉम थेट गाडी ते गाडी चालतो, त्याला रेंज लागत नाही. नकाशा तेवढा निघण्याआधी डाउनलोड कर. वळणांवर गाणी बंद. मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. फोन आला तर गाडी बाजूला घे. हात मोकळे असले तरी लक्ष बोलण्यातच जातं.