दाननिधीतून कर्जनिधी उभारताना

आपण विचारले आहे की, दरवर्षी जमणारे दान गरजू कुटुंबांना जीवनावश्यक वस्तू देण्यात संपते आणि पुढच्या वर्षी तीच कुटुंबे पुन्हा दारात उभी असतात, तर उपासकांच्या समुदायाने वेगळे काय करावे. अशाच एका समुदायाच्या मदतनिधीचा जमाखर्च मी अनेक वर्षे सांभाळला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. वस्तुवाटप बंद करू नका. आजारी, वृद्ध आणि निराधार माणसाला कर्ज देऊन काहीही साधत नाही. मात्र दानाचा एक भाग वेगळा काढून त्यातून लहान, बिनव्याजी कर्जे द्यायला सुरुवात करा, कारण तुमच्याजवळचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे तुमची आपसातली ओळख, आणि ते अजून वापरले गेलेले नाही.

गरीब माणसाला बँक कर्ज देत नाही, याचे कारण तो बुडवतो हे नसते. त्याच्याकडे तारण नसते आणि छोट्या रकमेसाठी चौकशी, कागदपत्रे व वसुली यांवर होणारा खर्च व्याजातून भरून निघत नाही. म्हणून तो सावकाराकडे जातो आणि पुढची कित्येक वर्षे त्याची कमाई व्याजात जाते. जो समुदाय दर आठवड्याला एकत्र जमतो, त्याला मात्र कोण कष्टाळू आहे, कोणाच्या घरी दुखणे आले आहे आणि कोणाचा शब्द भरवशाचा आहे हे आधीच ठाऊक असते. बँकेला महाग पडणारी चौकशी त्याला जवळजवळ फुकट पडते.

हा विचार नवा नाही. इटलीतील पेरुजिया येथे 1462 मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या पुढाकाराने गरिबांना वस्तू गहाण ठेवून अल्प दराने कर्ज देणारी पेढी निघाली, ती सावकारी व्याजाला पर्याय म्हणूनच. त्याहून बोधप्रद उदाहरण जर्मनीतील फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचे आहे. धर्मश्रद्धेने प्रेरित झालेल्या या ग्रामप्रमुखाने 1846-47 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गरिबांना पीठ व पाव मिळवून देणारी संस्था काढली, पुढे हेडेसडॉर्फ येथे धर्मादाय मंडळ चालवले. पण सधनांचा उत्साह काही वर्षांत ओसरतो, हे त्यांना दिसून आले. 1864 मध्ये त्यांनी त्याच गावी कर्जसंस्था सुरू केली, जिच्यात कर्ज घेणाराच सभासद असे आणि सर्व सभासद एकमेकांच्या देण्याला जबाबदार असत. अशा संस्थांचे कार्यक्षेत्र त्यांनी साधारणपणे एका धर्मग्रामापुरते, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या परिसरापुरते, मर्यादित ठेवले, कारण परस्परांची ओळख हेच तारण होते. जगभर पसरलेल्या ग्रामीण पतसंस्थांचे एक मूळ तेथे आहे.

बिनव्याजी कर्जाला निरनिराळ्या परंपरांमध्ये आधार सापडतो. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि सर्वांत वरची पायरी भिक्षेला दिली नाही. देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा मागण्याची वेळ येऊ न देणे, ती त्यांनी श्रेष्ठ मानली. इस्लाममध्ये जकातीच्या, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेल्या दानाच्या, आठ हक्कदारांपैकी एक गट कर्जात अडकलेल्यांचा आहे. पाकिस्तानातील अखुवत ही संस्था 2001 पासून बिनव्याजी कर्जे देते. वाटप पुष्कळदा मशिदींमध्ये आणि काही वेळा चर्चमध्येही होते, आणि कर्जदाराचा धर्म पाहिला जात नाही.

आता आमची चूक सांगतो. सुरुवातीला आम्ही दान आणि कर्ज यांचा हिशेब एकाच वहीत ठेवला. एकाचा हप्ता थकला तेव्हा एका विश्वस्ताने दयेपोटी कर्ज माफ केले. तो कर्जदार त्यांचा नातेवाईक होता. ही बातमी पसरली आणि वर्षभरात निम्म्या लोकांनी हप्ते थांबवले. त्यांना मी दोष देत नाही, कारण ही रक्कम परत करायची आहे की नाही, हेच आम्ही स्पष्ट ठेवले नव्हते. पुढे आम्ही दोन स्वतंत्र खाती केली, निर्णय तीन जणांच्या समितीकडे दिला, नातेवाइकाचा अर्ज असेल तर त्या सदस्याने बाहेर बसावे असा नियम केला आणि दर तिमाहीचा जमाखर्च सर्वांसमोर वाचू लागलो. अडचण खरी असेल तर हप्ता पुढे ढकलतो. माफी द्यायचीच झाली तर ती रक्कम दानाच्या खात्यातून कर्जाच्या खात्यात भरतो. उपासनेच्या वेळी थकबाकीदाराचे नाव घेणे आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण लाजेने माणूस हप्ताही भरत नाही आणि प्रार्थनेलाही येत नाही.

पैशाइतकेच शिक्षणही लागते, आणि त्याला फार वेळ लागतो. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन येथे होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हे धर्मगुरू 1941 मध्ये आले, 1943 मध्ये त्यांनी तंत्रशाळा उघडली आणि कामगारांच्या मालकीचा पहिला कारखाना 1956 मध्ये निघाला. आज त्या समूहात सत्तर हजारांहून अधिक लोक काम करतात. मधली ती तेरा वर्षे बहुतेक वर्णनांत एका वाक्यात उरकली जातात, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. तुमच्या वास्तूतील रिकामी खोली आठवड्यातून काही संध्याकाळी हिशेब व हस्तकौशल्य शिकवण्यासाठी दिली, दुरुस्तीची व छपाईची कामे परिसरातील कारागिरांना दिली आणि त्यांची बिले वेळेवर चुकती केली, तर त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही. उशिरा मिळणाऱ्या पैशामुळे छोटा व्यवसाय कसा बुडतो, हे मी जवळून पाहिले आहे.

आपला शेवटचा प्रश्न होता, श्रद्धा न मानणाऱ्यांना कर्ज द्यावे का. द्यावे, आणि त्यासाठी उपासनेला येण्याची अट मुळीच घालू नये. ओळख पुरेशी नसेल तर परिसरातील दोन परिचितांची हमी घ्यावी आणि पहिली रक्कम लहान ठेवावी. कर्जवाटपाचे कायदे ठिकाणपरत्वे बदलतात, म्हणून पहिला अर्ज स्वीकारण्यापूर्वी एखाद्या लेखापरीक्षकाकडून नियमावली तपासून घ्यावी.