चार कॉर्ड्स जुळल्या म्हणजे गाणं चोरलं असं होत नाही

तुम्ही विचारलंय की तुमचं नवीन गाणं एका जुन्या गाण्यासारखं वाटतंय असं मित्र म्हणतात, तर ही कॉपी धरली जाईल का आणि रिलीज करू की नको. मित्रांना आधी विचारा की नेमकं काय सारखं आहे. ठेका? कॉर्ड्स (एकदम वाजणारे स्वरसमूह)? गिटारचा टोन? ह्यावर सहसा कोणाचीही मालकी धरली जात नाही, बिनधास्त रिलीज करा. चाल म्हणत असतील तर कुठल्या ओळीत, कुठल्या मात्रेपासून ते दाखवा म्हणावं. नुसतं 'सारखं वाटतं' हा काही आरोप नाही.

एवढं ठासून लिहितोय कारण माझ्यावर हाच आरोप झालाय आणि तो एका जवळच्या माणसाने केलाय. एका शॉर्ट फिल्मसाठी मी गाणं केलं होतं. ज्याच्याबरोबर कित्येक वर्षं बँडमध्ये वाजवलं त्या मित्राने ते ऐकलं आणि मला एका शब्दाने न विचारता सरळ व्हिडिओ टाकला, डाव्या कानात माझं गाणं, उजव्या कानात एक जुनं गाजलेलं गाणं, दोन्ही एकदम चालू आणि वर लिहिलेलं 'तुम्हीच ठरवा'. लोकांनी लगेच ठरवलं. निर्माता घाबरला आणि गाणं फिल्ममधून गेलं.

आता तो व्हिडिओ बनवला कसा होता ते बघा. जुन्या गाण्याची पट्टी पांढरी एकवरून पांढरी दोनला चढवलेली, टेम्पो वाढवून माझ्या टेम्पोला आणलेला आणि माझ्या मुखड्याची दुसरी ओळ चक्क कापलेली, कारण तिथे माझी चाल पंचमावरून खाली षड्जाला उतरते आणि त्या गाण्यातली वर तार षड्जाला जाते, म्हणजे ती ओळ ठेवली असती तर सगळा डाव तिथेच उघडा पडला असता. कॉर्ड्स दोन्हीकडे एक-पाच-सहा-चार (सप्तकातल्या कितव्या स्वरावरची कॉर्ड, त्याचे आकडे). ह्या चार कॉर्ड्सवर जगात इतकी गाणी आहेत की पट्टी आणि टेम्पो जुळवला तर त्यातली बहुतेक कुठलीही दोन एकमेकांवर बसतात. त्यात सिद्ध काय होतं? दोघांनी त्याच चार कॉर्ड्स वापरल्या, एवढंच.

मी दोन्हींचं नोटेशन काढलं, एकाच पट्टीत, एकाखाली एक, मात्रेला मात्रा लावून. माझी पहिली ओळ ग ग रे सा, रे ग प. त्यांची ग प ध प, ग रे सा. दोन्ही गंधारावर सुरू होतात, पुढे वाटा वेगळ्या. तो कागद मित्राला पाठवला तर म्हणे, 'कागदावर काहीही असू दे रे, कानाला तसंच लागतं ना.'

हे 'कानाला तसंच लागतं' प्रकरण कोर्टातही झालंय. २०१५ मध्ये अमेरिकेत ज्युरीने 'ब्लर्ड लाइन्स' ह्या गाण्याच्या विरोधात आणि जुना गायक मार्विन गे ह्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, ७० लाख डॉलरच्या वर भरपाई लावली, नंतर ती ५३ लाखांवर आली, २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. माझ्या मते तो साफ चुकीचा निकाल आहे. अपिलातल्या तीनपैकी एका न्यायाधीशांनी वेगळं मत नोंदवलं की ह्याने संगीताच्या शैलीलाच कॉपीराइट मिळतोय, आणि माझं म्हणणं अगदी हेच आहे. सुदैवाने पुढे वारं फिरलं. 'डार्क हॉर्स' ह्या गाण्यातल्या आठ स्वरांच्या तुकड्यावरून ज्युरीने गायिका कॅटी पेरीला दोषी धरलं होतं, ते २०२० मध्ये न्यायाधीशांनी फिरवलं. गायक एड शीरन अशाच एका केसमध्ये २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये जिंकला, तिथे वादातले सूर म्हणजे मायनर पेंटाटॉनिक ह्या पाच स्वरांच्या पाश्चात्त्य स्वरमालेचे पहिले चार चढते स्वर, आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, धानी रागाच्या आरोहाची सुरुवात. ह्यावर कोण हक्क सांगणार? २०२३ मध्ये तो अमेरिकेतही जिंकला, तिथे वाद मुख्यतः कॉर्ड्सचाच होता आणि त्याने साक्षीच्या वेळी गिटार वाजवून दाखवली.

तर तुमच्या प्रश्नाबद्दल, साधारणपणे दोन गोष्टी बघतात. ते जुनं गाणं तुमच्या कानावर पडलं असण्याची शक्यता किती, आणि जे जुळतंय ते त्या संगीतकाराचं स्वतःचं, वेगळं ओळखू येणारं काही आहे की कोणालाही सुचेल असा तुकडा आहे. सात सेकंदांपर्यंत चालतं, आठ मात्रांपर्यंत चालतं हे सगळं झूट आहे, असा नियम नाही.

हां, 'मी मुद्दाम केलं नाही' म्हणून सुटका होईलच असं धरू नका. बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन १९७६ मध्ये ह्याच मुद्द्यावर हरला, कोर्टाने मान्य केलं की जाणूनबुजून उचललेलं नाही, नकळत आलंय, तरी ती कॉपीच. त्यामुळे त्या जुन्या गाण्याची एखादी अख्खी ओळ स्वराला स्वर आणि वजनाला वजन जुळत असेल तर ती बदला किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या. मूळ रेकॉर्डिंगचाच तुकडा कापून वापरला असेल तर विषयच वेगळा, रेकॉर्डिंगचे हक्क चालीपासून निराळे असतात. आणि वरच्या केसेस अमेरिका-इंग्लंडच्या आहेत, देशागणिक कायदा बदलतो, पैसा मोठा असेल तर वकील गाठा.

बाकी चाल बांधतानाच्या व्हॉइस नोट्स आणि प्रोजेक्टच्या जुन्या फाइल्स तारखेसकट जपून ठेवा. शीरन तर आता गाणं लिहितानाचं शूटिंगच करून ठेवतो. मित्रांपैकी कोणी दोन गाणी एकावर एक लावून दाखवली तर पट्टी किती चढवलीस, टेम्पो किती बदललास आणि कुठे कापलंस हे विचारा, आणि ते कळेपर्यंत एक सूरही बदलू नका. नोटेशनही रिलीजच्या आधीच काढा. असा व्हिडिओ एकदा फिरला की मग कागद कोणी बघत नाही, माझा तर निर्मात्यानेसुद्धा उघडून पाहिला नाही.