यजमानांच्या नावाने फेलोशिप ठेवायची आहे

प्रश्न : माझे यजमान ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. शेवटी पार्किन्सन्सने गाठलं. त्यांच्याच विद्यापीठात मेंदूवर संशोधन करणाऱ्या तरुणांसाठी त्यांच्या नावाने फेलोशिप ठेवावी असं मनात आहे. ४० लाख बाजूला काढलेत. मुलगा म्हणतो, पार्किन्सन्सवर काम करणाऱ्यालाच द्यायची, अशी अट घाल. एवढ्या पैशात जमेल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, जमेल. फक्त फेलोशिप म्हणजे कुणाचा तरी वर्षभराचा पगार, हे डोक्यातून काढा. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. साडेसहा टक्के धरले तर वर्षाचे २ लाख ६० हजार होतात. पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोसिएटला केंद्राच्या २०२३च्या दराने महिना किमान ५८ हजार, वर घरभाडं. वर्षाचे सात लाख झालेच की. तिथे आपण पुरे पडत नाही.

पुरे पडू ती जागा वेगळी आहे. पीएच.डी. करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप साधारण पाच वर्षांनी बंद होते, थिसिस मात्र झालेला नसतो. उंदरांवर काम असेल तर हमखास नाही. पिल्लं मोठी व्हायची, चाचण्या घ्यायच्या, मेंदूचे काप काढायचे, रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली पेशी मोजत बसायचं. आणि एवढं करून पेपर पाठवला की रेफरी (तो तपासणारे तज्ज्ञ) म्हणणार, उंदरांचा आणखी एक गट करून दाखवा. त्या महिन्यांत मुलं शिकवण्या धरतात नाहीतर घरून पैसे मागवतात. (मुलींना तर ‘आता पुरे’ असं घरचे याच वेळी ऐकवतात.) सीनियर फेलोला (पीएच.डी.च्या पुढच्या वर्षांतल्या विद्यार्थ्याला) महिना ४२ हजार मिळतात, म्हणजे सहा महिन्यांचे अडीच लाख. तुमचं व्याज जवळपास तेवढंच आहे. तरी सगळं वाटू नका. हाच दर २०१९मध्ये ३५ हजार होता. पाव हिस्सा मुद्दलात परत घाला. चार-साडेचार महिने तरी निघतील. करारात आकडा नको, ‘प्रचलित दराने’ एवढंच लिहा.

आता चिरंजीवांची अट. भावना कळते, तरी नको. यजमान पार्किन्सन्ससाठी लेव्होडोपाची गोळी घेत असतीलच. १९५७च्या सुमारास स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझरपिन हे औषध दिलं. आपल्या सर्पगंधेतून निघतं तेच. ससे कान पाडून निपचित झाले. मग डोपा (त्या गोळीतलंच द्रव्य) टोचलं, तर थोड्याच वेळात कान ताठ करून हिंडायला लागले. रेझरपिनमुळे मेंदूत काय कमी पडतं, हे त्यांना बघायचं होतं. कमी पडत होतं ते डोपामिन, पार्किन्सन्समध्येही तेच कमी पडतं; तो धागा तिथून पुढे गेला आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. चिरंजीवांच्या अटीत कार्लसन बसले नसते!

अमेरिकेत येल विद्यापीठाशी जोडलेला जेन कॉफिन चाइल्ड्स स्मृतिनिधी घरच्यांनी १९३७मध्ये कॅन्सरसाठी सुरू केला. आज त्याची फेलोशिप जीवशास्त्रातल्या कितीतरी विषयांना मिळते.

विभागाचं नावही घालू नका. आपल्याकडे मेंदूचं काम प्राणिशास्त्रात चालतं, फार्मसीत चालतं, मानसशास्त्रातही चालतं. निवड समितीत घरचं कुणी नको. चेक देण्याआधी वित्त व लेखा अधिकाऱ्यांना भेटा. ठेव वेगळ्या खात्यात राहील आणि पैसे महिन्याच्या महिन्याला सुटतील, हे लेखी घ्या. ऑगस्टमधलं मेसचं बिल मार्चअखेरीस हातात पडलेल्या रकमेतून भरता येत नाही.