मोटर लावलेल्या रबरी बोटीची नोंदणी कुठं करायची? (पैठण)

आरटीओत जाऊ नका, तिथं फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचं काम असतंय. तुम्ही विचारलंय की हवा भरायची बोट आहे, मागं छोटी मोटर लावलीय, मग नोंदणी कशाला? तर मोटर लागली की ती यांत्रिक बोट झाली, रबराची असो की लाकडाची. इनलँड व्हेसल्स कायदा, म्हणजे नद्या-तलावांतल्या बोटींचा कायदा, २०२१ चा आहे, १९१७ चा जुना गेला, आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. आधी सर्व्हे होतो म्हणजे बोट तपासतेत, मग नोंदणी, आणि विमा पण लागतोय.

बोटीचं आणि इंजिनाचं बिल जपून ठेवा, त्यावर इंजिनाचा नंबर आहे का ते दुकानातच बघून घ्या, कारण सेकंडहँड मोटरला कागद नसला की सगळं तिथंच अडकतं. नोंदणीचा नंबर ठळक दिसायला पाहिजे, बोटीच्या रबरावर किंवा पीव्हीसी प्लास्टिकवर साधा रंग टिकत नाही म्हणून पाटी करून घट्ट बांधा.

पण पैठणवाल्यांनो, नोंदणी झाली म्हणजे नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, सोडता येते असं नाही हां. धरण जलसंपदा विभागाचं, आणि जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वनविभागाची परवानगी वेगळी. हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो, बदकं उतरतेत, मोटरच्या आवाजानं सगळा थवा उठतो, खरंच नका करू तसं. माझं म्हणणं, बोट घ्यायच्या आधीच या दोन्ही ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लाईफ जॅकेट मात्र प्रत्येकाला, पोहता येत असलं तरी.