सेक्सी श्रिम्प आणताय? आधी हे बघा
अरे मस्त निवड आहे, पण घाई नको. सेक्सी श्रिम्प म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधली चिमुकली कोळंबी; हा जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा जीव, शेपटी वर करून अ‍ॅनिमोनीवर (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) नाचत बसतो, त्यामुळे सगळे आधी अ‍ॅनिमोनीच उचलतात आणि नव्या टँकमध्ये ती महिन्यात विरघळते, मग पाणी नासतं ते वेगळंच. टँक सहा महिने जुना होऊ दे, तोवर मश्रूम कोरलवरही (एक मऊ प्रवाळ) ही पोरं खूश असतात.

- एकटा नको, तीन-चार आण.
- पिशवीतून थेट ओतू नको, त्यात टँकचं पाणी थेंब-थेंब सोडत तासभर जाऊ दे.
- तांबं असलेलं माशांचं औषध अजिबात नाही, सगळे जातात. माझे गेलेत.
- टँकमध्ये रॅस (wrasse) जातीचा मासा असेल तर विसरच, गट्टम करतो.

आणि पुण्याच्या एप्रिलात पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायला पंखा लाव, चिलरचं (पाणी थंड करणारं यंत्र) नंतर बघू.